खासगी सुरक्षारक्षकांच्या कृत्यांची जबाबदारी : पार्श्वभूमी

वणी, घुग्घुस, भद्रावती या पट्ट्यात कोळसा खाणीच्या फाटकावर उभा असलेला रक्षक पुष्कळदा कंत्राटी असतो आणि सायकलवर कोळशाचे पोते लादून निघालेल्या एखाद्याला त्याची लाठी बसली, की जबाबदार कोण हा वाद ठाण्यात पोचतो. भाडोत्री बळ वऱ्हाडाला नवे नाही. निजामाच्या पैशावर पोसलेल्या, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या हुकमतीतल्या फौजेचा खर्च थकला म्हणून १८५३ मध्ये हा मुलूखच कंपनीकडे गेला. आजचा गुंता मात्र अलीकडच्या कायद्यांतला आहे.

महाराष्ट्राच्या १९८१ च्या खासगी सुरक्षारक्षक कायद्याचा रोख रक्षकांची नोंदणी, वेतन आणि कल्याण यांवर होता. २००५ च्या केंद्रीय कायद्याने रक्षक पुरवणाऱ्या एजन्सीला परवाना सक्तीचा केला. याच कायद्यातील गणवेशाची तरतूद मुळातून वाचण्यासारखी आहे. रक्षकाने पोलिसांच्या किंवा सैन्याच्या गणवेशासारखा पोशाख घातला, तर त्याच्यासह एजन्सीच्या मालकालाही एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्याच रक्षकाने कोणाचा हात मोडला, तर मालकाने काय सोसायचे, याबद्दल मात्र या कायद्यात अशी थेट तरतूद नाही. मग प्रकरण सामान्य फौजदारी कायद्याकडे वळते आणि तिथे बहुधा आरोपी म्हणून एकटा रक्षकच उभा राहतो. भरपाईच्या दाव्यात न्यायालय प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे होते हे पाहते. पण पगार एजन्सी देते आणि कुठे उभे राहायचे, कोणाला अडवायचे हे खाणीचा अधिकारी सांगतो, त्यामुळे दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. सगळी जबाबदारी एजन्सीची, असे कलम करारात असले तरी ते त्या दोघांपुरतेच. जखमी माणूस त्या करारात कुठेच नसतो.

युद्धभूमीवर हीच पळवाट सरकारी आदेशानेच उघडून दिली गेली होती. इराकमध्ये २००४ च्या आदेशाने परदेशी कंत्राटदारांना स्थानिक कायद्यापासून संरक्षण मिळाले. सप्टेंबर २००७ मध्ये बगदादच्या एका चौकात अशाच रक्षकांच्या गोळीबारात १७ नागरिक मारले गेले. २०१४ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात चौघे दोषी ठरले आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना माफीही मिळाली. दरम्यान अशा खासगी लष्करी व सुरक्षा कंपन्यांविषयी २००८ मध्ये काही देशांनी मान्य केलेला आंतरराष्ट्रीय दस्तऐवज बंधनकारक नाही.

आपल्याकडे २००५ च्या कायद्यातील व्याख्येनुसार खासगी रक्षक हा लोकसेवक नाही. त्यामुळे त्याच्यावर खटला भरण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही, तशीच त्याला पोलिसांसारखी अटकही करता येत नाही. डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडला तर कोणत्याही नागरिकाला असलेला पकडण्याचा अधिकार तेवढा त्याला आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार पकडलेल्याला सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. फाटकाजवळच्या खोलीत सुपरवायझर येईपर्यंत माणसाला बसवून ठेवण्याची रीत या मुदतीच्या कसोटीवर तपासली जाऊ शकते.