थेसार ओ नादा

पीओ बारोखा (१८७२–१९५६) या बास्क लेखकाची स्पॅनिश कादंबरी (१९१०). ‘शहरे’ या त्रयीतील पहिली. शीर्षकाचा अर्थ ‘सीझर, नाहीतर काहीच नाही’. पोपपुत्र चेझारे बोर्जा याचे हे ब्रीद म्हणून ओळखले जाते, आणि कादंबरीचा नायक थेसार मोंकादा त्याचा नामबंधूच आहे.

पूर्वार्ध रोममध्ये घडतो. मोंकादाचा धर्मावर काडीचा विश्वास नाही, पण मामा कार्डिनल, म्हणजे पोपखालोखालचा धर्माधिकारी, आहे. त्याच्या वशिल्याने राजकारणात शिरण्याचा बेत आहे. मामा दाद देत नाही. तेवढ्यात रोम पाहायला आलेला डॉन कालिक्स्तो भेटतो. हा कास्त्रो दूरो या (काल्पनिक) गावचा पुढारी. मोंकादा त्याला शहरभर हिंडवतो, चर्चमध्ये आपले फार वजन असल्याचा समज करून देतो आणि मोबदल्यात खासदारकी पदरात पाडून घेतो. पुढचे सारे राजकारण या एका थापेवर उभे आहे.

हा सौदा लेखकाने कल्पनेतून काढलेला नाही. १८७६ च्या राज्यघटनेखालील स्पेनमध्ये काँझर्व्हेटिव्ह आणि लिबरल हे दोन पक्ष ठरवून आळीपाळीने सत्तेवर येत. निकाल आधी गृहमंत्र्याच्या कार्यालयात जुळवले जात आणि गावोगावचे ‘काथीके’, म्हणजे मतांवर ताबा असलेले स्थानिक पुढारी, ते घडवून आणत. १९०७ च्या निवडणूक कायद्याच्या २९ व्या कलमाने तर जागांइतकेच उमेदवार असतील तेथे मतदानच रद्द केले. मोंकादासारख्या उपऱ्याला दार उघडते ते याच व्यवस्थेत.

उत्तरार्ध जास्त कसदार आहे. काँझर्व्हेटिव्हांच्या बळावर निवडून आलेला मोंकादा शेअरबाजारातल्या सट्ट्यातून पैसा करतो, मग पक्ष बदलतो आणि ज्याने निवडून आणले त्याच्याच गोटाविरुद्ध उभा राहतो. याला कृतघ्नपणा म्हणावा, तर त्याच वेळी तो गावात पाणी आणि शाळा आणतो आहे, कामगारांच्या बाजूने लढतो आहे. लोकांचे भले करायची इच्छा आणि सत्तेची हाव या दोन गोष्टी बारोखा वेगळ्या करत नाही. त्यामुळे नायक ना संत वाटतो, ना लुच्चा. लग्नानंतर त्याची धार बोथट होते, हे मात्र लेखकाने जरा घाईत उरकले आहे; पत्नी अम्पारोच्या वाट्याला त्यापलीकडे फारसे काही येत नाही.

बारोखा स्वतः रॅडिकल या प्रजासत्ताकवादी पक्षाच्या वर्तुळात वावरला होता. निवडणुकीत त्याला यश आले नाही.

शेवटी मोंकादावर गोळी झाडली जाते, विरोधक जिंकतात आणि तो राजकारण सोडतो. कास्त्रो दूरोत कारंजी आटतात, शाळेला टाळे लागते, त्याच्या नावाच्या बागेतली रोपे उपटली जातात. दरवर्षी शेकडो लोक गाव सोडतात. उरलेले गाव, आपल्या पवित्र परंपरांसह, पाण्यावाचून पडलेल्या शेतांमध्ये धुळीने माखून उन्हात झोपलेले आहे.