स्टॉक इंटर्नल्स आणि टर्बो

स्टॉक इंटर्नल्स म्हणजे इंजिनाच्या पोटातले कंपनी फिटिंगचे मूळ पार्ट: पिस्टन, त्यावरच्या रिंगा, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड, फिरणारा क्रँक आणि त्यांची बेअरिंगं. बाहेरून टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) लावला किंवा आधीच्याच टर्बोचा बूस्ट, म्हणजे कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवला की हे पार्ट कुठपर्यंत तग धरतात त्याला त्या इंजिनाची स्टॉक लिमिट म्हणतात. ही लिमिट सगळे हॉर्सपॉवरमध्ये सांगतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो, कारण रॉडला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला कळतो तो डोक्यावर येणारा दाब, म्हणजे ढोबळमानाने टॉर्क (क्रँक फिरवणारा जोर).

सिलिंडरमध्ये 100 बार दाब झाला तर 86 मिमी व्यासाच्या पिस्टनवर जवळपास 6 टनांचा भार येतो आणि तो सगळा रॉडमधून क्रँकवर जातो. आता 400 न्यूटन मीटर टॉर्क 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेऱ्यांना) मिळत असेल तर हिशोबाने साधारण 168 हॉर्सपॉवर होतात, तोच टॉर्क 6500 ला टिकवला तर 365. रॉडवरचा गॅसचा दाब दोन्हीकडे जवळपास सारखाच, आकडा मात्र दुपटीहून जास्त! म्हणून छोटा टर्बो लावून खालच्या आरपीएमलाच गच्च बूस्ट देणाऱ्याचा रॉड वाकतो आणि मोठा टर्बो लावून वरच्या आरपीएमला तेवढीच ताकद काढणारा निवांत फिरत असतो. अर्थात आरपीएमचीही वेगळी किंमत आहेच, पिस्टन वर जाऊन उलटा फिरताना रॉडला ताण बसतो आणि तो आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, 6000 चे 7200 केले की ताण 1.44 पट, आणि तिथे आधी जातात ते रॉडचे बोल्ट.

मूळचं बिनटर्बोचं इंजिन असेल तर बऱ्याचदा रॉडच्याही आधी रिंगा आणि पिस्टन गोत्यात येतात. रिंगेच्या दोन टोकांमध्ये मुद्दाम फट ठेवलेली असते कारण तापल्यावर रिंग लांबते. बिनटर्बोच्या इंजिनात ही फट 100 मिमी बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) साधारण 0.4 मिमी असते, टर्बोसाठी बांधताना 0.6 च्या आसपास ठेवतात. बूस्टमुळे उष्णता वाढली की कमी फटीतली टोकं एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरच्या भिंतीत अडकते आणि पिस्टनचा वरचा भागच उपटून काढते. लोक म्हणतात कंपनीचे पिस्टन कच्चे होते. पिस्टन ठीक असतो, फट कमी असते. अमेरिकन ट्रकांमधली शेव्हरोलेची एलएस घराण्यातली 4.8 आणि 5.3 लिटरची इंजिनं याचं गाजलेलं उदाहरण आहेत, फक्त रिंगांची फट वाढवून बाकी सगळं मूळचंच ठेवून त्यांच्यातून 1000 च्या पुढे हॉर्सपॉवर काढलेले आहेत.

पण खरा शत्रू नॉकिंग. पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीच्या आगीची वाट न बघता कोपऱ्यात स्वतःच भडकतं, दाब एकदम टोकाला जातो आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखं होतं. कास्ट (ओतीव) पिस्टन, त्यातही जास्त सिलिकॉनवाला हायपरयुटेक्टिक, उष्णतेत फार फुगत नाही आणि झिजतही कमी, पण ठोके बसले की वाकत नाही, तडकतो. फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन ठोके बरेच सोसतो, थंड असताना थोडा वाजतो एवढंच. सुबारूच्या ईजे25 टर्बोमध्ये रिंगांमधली पिस्टनची कड तुटणं हा नेहमीचा आजार आहे आणि तो कित्येकदा कंपनीच्याच बूस्टवर झालेला आहे, म्हणजे आकडा न वाढवताही लिमिट ओलांडता येते. उलट त्याच इंजिनात ई85 (85 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) टाकलं, ठिणगी थोडी उशिरा दिली, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) नीट असला तर तेच पार्ट बरंच जास्त झेलतात. ट्यूनिंग सोडून लिमिट विचारणाऱ्याला खरं उत्तर देताच येत नाही.

दुसऱ्या टोकाला टोयोटाचं 2जेझेड-जीटीई: 2997 सीसी, बोअर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 86 बाय 86 मिमी, बिडाचा ब्लॉक, फोर्ज्ड क्रँक, सात मेन बेअरिंगं, पिस्टनखाली तेलाचे फवारे, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) फक्त 8.5. जपानी कंपन्यांचा 1989 ते 2004 या काळात 280 पीएसच्या (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) वर आकडा न सांगण्याचा अलिखित करार होता त्यामुळे जपानमध्ये कागदावर ते 280 चंच, पण मूळ इंटर्नल्सवर 600-700 हॉर्सपॉवरच्या गाड्या ढिगाने आहेत. गंमत म्हणजे त्याचे पिस्टन कास्टच आहेत. माझदा एमएक्स-5 चं 1.8 मात्र 250 च्या आसपास रॉड वाकवायला लागतं.

कधीकधी इंटर्नल्स शाबूत राहतात आणि दुसरंच काहीतरी जातं. निसानच्या आरबी26 मध्ये सुरुवातीच्या क्रँकवर ऑइल पंप फिरवणारा भाग अरुंद होता, लिमिटरवर (आरपीएम एका मर्यादेवर रोखणारी सोय) आपटत राहिलं की पंप फुटतो आणि मग तेलाविना बेअरिंगं जातात. ओपन डेक (सिलिंडरच्या वरच्या टोकाला आधार नसलेल्या) ब्लॉकमध्ये सिलिंडरची भिंत वरून हलते आणि हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधली सील) उडतं.

डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) दहा सेकंदांचा एक पुल (फुल थ्रॉटलची एक धाव) मारून आलेला आकडा आणि ट्रॅकवर वीस मिनिटं सलग टिकणारा आकडा हे दोन वेगळेच असतात. पुलमध्ये पिस्टन पुरता तापायच्या आत खेळ संपतो, ट्रॅकवर उष्णता साचत जाते, तेल पातळ होतं आणि धातूचा थकवा लॅपागणिक वाढतो. त्यामुळे 500 ला बिनधास्त पुल मारणारं इंजिन ट्रॅकसाठी 400 वर बांधून ठेवलेलं दिसतं.