पॉश शब्द मुंबईच्या बोटीतून आलाच नाही

पॉश एरिया, पॉश फ्लॅट असं आपण इतकं सर्रास म्हणतो की हा शब्द परका वाटतच नाही. त्याची एक गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ब्रिटिश काळात इंग्लंडहून मुंबईला बोटीनं येताना डाव्या बाजूच्या केबिनला ऊन कमी लागायचं कारण ती बाजू उत्तरेकडे, आणि परत जाताना तेच उजव्या बाजूला, म्हणून श्रीमंत लोक 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' म्हणजे जाताना डावी बाजू, परतताना उजवी, असं बुकिंग करायचे आणि तिकिटावर P-O-S-H या चार आद्याक्षरांचा शिक्का बसायचा. त्या अक्षरांचा झाला पॉश.

मलाही ही गोष्ट बरीच वर्षं खरी वाटायची. पण असा शिक्का असलेलं एकही तिकीट आजवर सापडलेलं नाही. आणि ही गोष्ट छापून आलेली दिसते ती थेट १९३५ साली, शब्द तर त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होता. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या गल्ल्यांमध्ये पॉश म्हणजे पैसा, चिल्लर. तो बहुतेक रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सी लोकांच्या भाषेतून आला, तिथे पॉश म्हणजे अर्धा, म्हणजे अर्ध्या पेनीचं नाणं. १८९०च्या एका स्लँग, म्हणजे बोलण्यातल्या अनौपचारिक शब्दांच्या कोशात पॉश म्हणजे नटूनथटून फिरणारा माणूस. आता चिल्लर, मग नटवा माणूस, मग उंची वस्तू असा अर्थ सरकत गेला का? शक्य आहे, पण मधली कडी दाखवणारा लेखी पुरावा नाही, म्हणून जाणकार कोशकार या शब्दाचं मूळ अनिश्चित असंच लिहितात.

स्लँगची खरी अडचण इथे आहे. हे शब्द ज्यांच्या तोंडी जन्मले ते फेरीवाले, शिपाई, खिसेकापू, भटके लोक, यांचं बोलणं त्या काळी कोण लिहून ठेवणार? शब्द कागदावर येईपर्यंत तो दहा-वीस वर्षं किंवा जास्तच तोंडी फिरलेला असतो आणि ज्यानं तो पहिल्यांदा वापरला त्याचा मागमूस उरत नाही. मग ती रिकामी जागा गोष्टी भरून काढतात, आणि आद्याक्षरांवरून शब्द बनला असं कुणी सांगितलं की मी तर लगेच सावध होते, कारण आद्याक्षरं जोडून शब्दासारखी उच्चारायची पद्धत रुळली ती मुख्यतः विसाव्या शतकात.

आयर्लंडमध्ये तर मामला अजून मजेदार आहे. तिथला क्रॅक, म्हणजे गप्पाटप्पा, मस्त वेळ, हा अस्सल आयरिश समजला जातो, पण तो मुळात स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडकडचा, गप्पा या अर्थाचा, आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतामार्गे तिथे गेलेला, आणि त्याचं craic हे आयरिश स्पेलिंग रूढ झालं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. डब्लिनवाले गावाकडच्या माणसाला कल्ची म्हणतात. कुणी म्हणतं मेयो परगण्यातल्या किल्टिमाग या गावावरून, कुणी म्हणतं ॲग्रिकल्चरवरून, कुणी घराची मागची बाजू या अर्थाच्या आयरिश शब्दांवरून. तिन्ही पटतात आणि तिन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

मग पटण्यापलीकडे काय बघायचं? ध्वनीचा नियम. पॅल म्हणजे मित्र, इंग्रजीत १६८०च्या दशकापासून नोंदलेला. तो रोमानीतल्या फ्राल म्हणजे भाऊ या शब्दावरून आला, आणि फ्राल संस्कृतच्या भ्रातृवरून. रोमानी ही भारतातूनच पश्चिमेला गेलेली भाषा, आणि तिच्यात जुन्या भचा फ होतो तो एकाच शब्दात नाही, भगिनीचं फेन झालंय, भूमीचं फुव झालंय. एकाच साच्यातून इतके शब्द निघाले की तो योगायोग राहत नाही. म्हणजे आपला भाऊ आणि त्यांचा पॅल खरोखर एकाच घरातले.

ब्लोकचं मात्र तसं नाही. ब्लोक म्हणजे माणूस, आणि आपल्याला लगेच 'लोक' आठवतं, काही अभ्यासकांनीही तो धागा सुचवलाय. पण डच भाषेत मूर्ख या अर्थाचा ब्लोकसुद्धा आहे, आणि सुरुवातीचा ब आला कुठून याचं उत्तर लोककडे नाही. इतक्या छोट्या शब्दांत सारखेपणा सहज निघतो.

आणि आपल्याशी नातं पक्कं असलेला शब्द बघायचा तर डूलॅली, म्हणजे डोकं फिरलेला, हा देवळालीचाच इंग्रजी उच्चार. नाशिकजवळच्या देवळालीला ब्रिटिश सैनिकांची छावणी होती, नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे पडून राहायचे, आणि सैन्याच्या बोटी फक्त हिवाळ्याच्या महिन्यांत सुटायच्या, म्हणजे वेळ चुकली तर अख्खा उन्हाळा तिथेच. काम नाही, उकाडा, त्यात आजारपण. जुन्या सैनिकांच्या तोंडी पूर्ण शब्दप्रयोग होता 'डूलॅली टॅप'. यातला टॅप म्हणजे आपला ताप.