कॉम्पॅक्टिफिकेशन आणि त्याचा शेष : पार्श्वभूमी

टोपॉलॉजीतल्या एखाद्या अवकाशात नवे बिंदू घालून त्याला कॉम्पॅक्ट (म्हणजे खुल्या संचांच्या प्रत्येक आच्छादनातून सांत आच्छादन निवडता येईल असा) करायचे, आणि प्रत्येक नव्या बिंदूच्या कोणत्याही सामीप्यात मूळ अवकाशाचे बिंदू सापडतील अशी व्यवस्था ठेवायची, या रचनेला कॉम्पॅक्टिफिकेशन म्हणतात. घातलेल्या बिंदूंचा संच हा तिचा शेष. सुरुवातीला या शेषात कोणाला फारसा रस नव्हता. हवा होता तो कॉम्पॅक्ट अवकाश, आणि नवे बिंदू ही त्यासाठी मोजायची किंमत होती. शेषाकडे पाहून मूळ अवकाशाची परीक्षा करता येते, हे लक्षात यायला काही दशके जावी लागली.

संमिश्र संख्यांच्या प्रतलाला अनंतस्थ बिंदू जोडून गोल बनवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकातली. १९२४ मध्ये पावेल अलेक्झांड्रॉव्ह यांनी तिला सर्वसाधारण रूप दिले : ज्या हाउसडॉर्फ (म्हणजे कोणत्याही दोन बिंदूंना एकमेकांना न छेदणारी सामीप्ये असणाऱ्या) अवकाशातल्या प्रत्येक बिंदूला कॉम्पॅक्ट सामीप्य असते, तो एकच बिंदू वाढवून कॉम्पॅक्ट हाउसडॉर्फ करता येतो. परिमेय संख्यांसारख्या अवकाशांना ही सोय लागू नव्हती. १९३० मध्ये आंद्रेई टिखोनॉव्ह यांनी दाखवले की, हाउसडॉर्फ अवकाशातला कोणताही बिंदू आणि त्याला न सामावणारा बंद संच संतत फलनाने वेगळे करता येत असतील, तर तो अवकाश बंद अंतरालांच्या गुणाकारातून बनलेल्या घनात बसवता येतो, आणि हा घन कॉम्पॅक्ट असतो. हाउसडॉर्फ कॉम्पॅक्टिफिकेशन नेमके कोणत्या अवकाशांना असते, या प्रश्नाचे हेच पूर्ण उत्तर ठरले.

१९३७ मध्ये एदुआर्द चेख आणि मार्शल स्टोन यांनी स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वाटांनी, सर्वांत मोठे कॉम्पॅक्टिफिकेशन उभे केले. त्यात मूळ अवकाशावरचे प्रत्येक मर्यादित संतत फलन शेषापर्यंत संततपणे विस्तारते. वास्तव रेषेच्या दोन टोकांना दोन बिंदू जोडले तर हे होत नाही, कारण साइन फलन टोकाकडे जाताना कोणत्याच एका किमतीवर स्थिरावत नाही. त्याच्यासाठी शेषात पुष्कळ जास्त बिंदू लागतात. ते किती, याची कल्पना नैसर्गिक संख्यांवरून येते. ब्रनो येथील चेख यांच्या चर्चासत्रातले बेद्रिख पोस्पिशिल यांनी त्याच वर्षी दाखवले की, नैसर्गिक संख्यांच्या चेख–स्टोन (म्हणजे या सर्वांत मोठ्या) कॉम्पॅक्टिफिकेशनमध्ये वास्तव संख्यांच्या सर्व उपसंचांइतके बिंदू असतात. (नाझी राजवटीने चेक विद्यापीठे १९३९ मध्ये बंद केल्यावर हे चर्चासत्र पोस्पिशिल यांच्या घरी चालू राहिले, १९४१ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४४ मध्ये ते वारले. गणिताच्या पुस्तकांत त्यांचे नाव बहुधा एका ओळीपुरतेच येते.)

माझ्या मते खरे वळण चेख यांच्याच लेखात आहे. मेट्रिक, म्हणजे अंतर मोजण्याची रीत, देता येणाऱ्या अवकाशाला पूर्ण मेट्रिक (ज्यात पदे परस्परांच्या हवी तितकी जवळ येत जाणारी प्रत्येक क्रमिका अवकाशातल्याच बिंदूकडे जाते) देता येते की नाही, हे त्यांनी शेषावरून ठरवले : शेष गणनीय इतक्या (१, २, ३… असे क्रमांक देता येतील इतक्या) कॉम्पॅक्ट संचांचा संयोग असेल तर, आणि तरच, ते शक्य होते. अपरिमेय संख्या विस्तारित वास्तव रेषेत ठेवल्या, तर शेषात परिमेय संख्या आणि दोन अनंतस्थ बिंदू उरतात. हा संच गणनीय असल्यामुळे अट आपोआप पाळली जाते. म्हणून नेहमीचे अंतर अपुरे पडले तरी अपरिमेय संख्यांना दुसरे, पूर्ण मेट्रिक मिळते. परिमेय संख्यांना ते मिळत नाही.

शेष किती लहान असू शकतो, हा प्रश्न समांतर चालला होता. हान्स फ्रॉइडेन्थाल यांनी १९३१ मध्ये अवकाशाच्या ‘टोकां’चा, म्हणजे त्यात अनंताकडे जाण्याच्या वेगवेगळ्या वाटांचा, सिद्धांत मांडला. पुढे १९६५ मध्ये केनेथ मॅगिल यांनी नेमके n (दिलेल्या सांत संख्येइतके) बिंदू वाढवून कॉम्पॅक्ट होणाऱ्या अवकाशांचे लक्षण दिले. रेषेला एक बिंदू जोडला की वर्तुळ होते, दोन जोडले की बंद अंतराल. तीन जोडता येत नाहीत, कारण मधला कॉम्पॅक्ट तुकडा काढल्यावर दोनच किरण उरतात आणि प्रत्येक किरण सलग असल्याने त्याला दोन सुट्या बिंदूंकडे जाता येत नाही. प्रतलात वर्तुळाबाहेरचा भाग एकसंधच असतो, म्हणून तिथे दोन बिंदूही चालत नाहीत.

नैसर्गिक संख्यांच्या शेषाने मात्र संचसिद्धांतालाच हात घातला. १९५६ मध्ये वॉल्टर रुडिन यांनी कंटिन्यूअम गृहीतक (नैसर्गिक आणि वास्तव संख्यांच्या संचांच्या मधल्या आकाराचा संच नसतो, हे विधान) मानून, ज्याच्या गणनीय सामीप्यांच्या छेदातही एक सामीप्य मावते असे बिंदू या शेषात दाखवले. त्यावरून सर्व बिंदू सारखे नाहीत हे निघते. हाच निष्कर्ष झेडेन्येक फ्रोलीक यांनी १९६७ मध्ये गृहीतकाशिवाय मिळवला. पण रुडिन यांचे ते विशेष बिंदू नेहमीच्या स्वयंसिद्धकांवरून मिळतीलच असे नाही, हे पुढे सहरॉन शेला यांनी सिद्ध केले. पारोविचेन्को यांनी १९६३ मध्ये या शेषाची जी ओळख दिली, ती कंटिन्यूअम गृहीतकाशी समतुल्य असल्याचे व्हान डाउवेन आणि व्हान मिल यांनी १९७८ मध्ये दाखवले.

चेख यांचा धागा १९५८ मध्ये हेन्रिक्सन आणि इसबेल यांनी पुढे नेला. शेष लिंडेलॉफ असणे, म्हणजे त्याच्या प्रत्येक खुल्या आच्छादनातून गणनीय आच्छादन निवडता येणे, हे मूळ अवकाशातल्या कॉम्पॅक्ट संचांच्या सामीप्यांवरून ओळखता येते, असे त्यांनी सिद्ध केले. त्याच वाटेने अलेक्झांडर अर्हांगेल्स्की यांनी २००८ मध्ये टोपॉलॉजिकल गटांविषयी (ज्यांतल्या गटाच्या क्रिया संतत असतात अशा अवकाशांविषयी) एक अनपेक्षित निकाल दिला : अशा गटाच्या कोणत्याही कॉम्पॅक्टिफिकेशनचा शेष एक तर लिंडेलॉफ असतो, नाही तर त्यावरचे प्रत्येक संतत वास्तव फलन मर्यादित असते.