सिलिंडर नाही, कॉन्सन्ट्रेटर आहे. मग बिडी चालेल?

"आजोबांना ऑक्सिजनचा सिलिंडर नाही हो, मशीन आहे." वृद्धाश्रमातल्या बिडीच्या बाकाशी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की हल्ली ते कानावर पडलं की मी आधी काडेपेटी मागून घेतो.

सिलिंडर सगळ्यांच्या ओळखीचा. काळं अंग, पांढरा खांदा, आत दाबाने भरलेला ऑक्सिजन. त्याच्याजवळ कोणी बिडी पेटवत नाही, कारण तो स्वयंपाकाच्या गॅससारखा भडकेल अशी भीती असते. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पेटलेल्याला भडकवतो. पण भीतीचं कारण चुकीचं असलं तरी माणूस लांब राहतो, एवढं पुरे.

2021च्या कोरोनाच्या लाटेत कॉन्सन्ट्रेटर घरोघरी आले. हे यंत्र खोलीतली हवा ओढतं, झिओलाइटच्या खड्यांवर नायट्रोजन अडवतं आणि उरलेलं नळीत सोडतं. टाकी नाही, म्हणून धाकही नाही. "हवाच तर गाळतंय!" घोळ होतो तो इथे. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो, या नळीतून 90 ते 95 टक्के येतो. सिलिंडरमधला आणखी थोडा शुद्ध, पण जळत्या काडीला दोन्ही सारखेच.

धोका ऑक्सिजन कशातून येतो यात नाही, तो कुठे साचतो यात आहे. नळी नाकातून काढून मांडीवर ठेवली आणि मशीन चालूच राहिलं, तर मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन शालीत मुरत राहतो. दाढीत, स्वेटरात, गोधडीतही मुरतो. त्याला ना वास, ना रंग. एरवी लोकरीला भोक पाडून विझणारी ठिणगी तिथे भडका उडवते, आणि प्लास्टिकची नळी पेटली की आग नळीवरून सरकते. म्हणून इंग्लंडमध्ये घरच्या ऑक्सिजनच्या नळीत फायरब्रेक बसवतात. आग तिथवर आली की तो प्रवाह तोडतो. आपल्याकडे तो मागून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

उलट मला मशीनचीच काळजी जास्त वाटते. 1500 लिटरचा छोटा सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने साडेबारा तासांत रिकामा होतो, म्हणून नळी काढली की मावशी लगेच चावी फिरवतात. मशीन संपत नाही, त्यामुळे ते बंद करायचं कोणाला सुचत नाही.

वीज, आवाज, वजन हे फरक विकणाऱ्याला विचारा. मला राग येतो तो लांब नळीचा: मशीन खोलीत, नळी व्हरांड्यात, नळीच्या टोकाला आजोबा आणि त्यांच्या हातात बिडी. हे कधीही चालणार नाही. बिडी सुटत नसेल, तर मशीन बंद, नळी खोलीतच, अंगावरची शाल बदललेली, निदान अर्धा तास मोकळ्या हवेत, आणि मगच बाक. सोबत कोणीतरी हवंच. खोलीत परतल्यावर नळी लावण्याआधी खिशात थोटूक राहिलेलं नाही ना, हेही बघायचं.

बाकाशेजारी पत्र्याची बादली आणि तीत वाळू. कुंडी नको, तिच्यातला सुका कोकोपीट थोटकाने तासन्‌तास धुमसत राहतो.