पाच गोळ्या आणि फॉलिक्युलर स्टडी

चैत्रात इंदूरच्या रामबागेत हळदीकुंकवाला गेलं की आंब्याच्या डाळीच्या वाटीबरोबर एक प्रश्नही हातात येतो: "काय गं, गोड बातमी कधी?" लग्नाला तीन-चार वर्षं झालेली सून हसून वेळ निभावते आणि घरी येऊन मोबाइल उघडते. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला तिला वहिनी म्हणतो, सासऱ्यांची बीपीची गोळी त्याच्याकडूनच येते. त्याच्यासमोर क्लोमिफेनची, म्हणजे अंडं तयार व्हावं म्हणून घ्यायच्या गोळीची, पर्ची धरायची कशी? शहरात एवढा मोठा दवा बाजार असताना औषध अनोळखी साइटवरून का मागवलं जातं, याचं कारण मला स्वस्ताईपेक्षा या संकोचात जास्त दिसतं. तिला दोष द्यावा असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या पाकिटातून काय येतं आणि काय येत नाही, हे तिला कुणीतरी नीट सांगायला हवं.

क्लोमिफेन जुनं औषध आहे, अमेरिकेत १९६७ साली मान्यता मिळालेलं. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सुरू करायचं, रोज ५० मिलिग्रॅमची एक गोळी, पाच दिवस. दिसायला इतकं सोपं. पण ही गोळी अंडाशयाला थेट काही सांगत नाही, ती मेंदूला चकवते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या जागा ती अडवून बसते. रक्तात इस्ट्रोजेन कमी पडलंय असं मेंदूला वाटतं, तो पिट्यूटरी ग्रंथीला कामाला लावतो आणि तिथून एफएसएच हे संप्रेरक जास्त सुटतं. त्याच्या जोरावर अंडाशयातल्या, अंडं असलेल्या पुटिका वाढू लागतात.

एक वाढेल की चार, हे मात्र पट्टीवर छापलेलं नसतं. एकीला ५० मिलिग्रॅम पुरतात, दुसरीला १०० घेऊनही काही होत नाही, तिसरीच्या एकदम तीन पुटिका फुगतात. म्हणून डॉक्टर फॉलिक्युलर स्टडीला बोलावतात. ठरावीक दिवसांनी सोनोग्राफी करून पुटिका १८-२० मिलिमीटरपर्यंत पोचली का, गर्भाशयाचं अस्तर पुरेसं जाड झालं का, ते बघतात. या औषधाचं अस्तर पातळ करण्याचंही एक अंग आहे. जुळ्यांचं प्रमाण शंभर गर्भारपणांत सात-आठपर्यंत जातं, ते एरवी एकाच्या आसपास असतं. जुळी म्हणजे आनंदच, असं घरचे म्हणतात. अपुऱ्या दिवसांची बाळं काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली की त्या आनंदाला केवढी धास्ती चिकटते, ते त्या आईला विचारावं. माझ्या दृष्टीने सोनोग्राफी हा या औषधाचा निम्मा भाग आहे, आणि तो कुरिअरने येत नाही.

गोळी सुरू करण्याआधीच्या तपासण्याही राहूनच जातात. आधीच दिवस गेले आहेत का, अंडाशयात सिस्ट आहे का, यकृताचा आजार आहे का? यांपैकी काहीही असेल तर क्लोमिफेन घ्यायचं नसतं. गर्भनलिका बंद असतील तर कितीही अंडी तयार झाली तरी उपयोग शून्य. आणि नवऱ्याचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट? मूल न होण्यात पुरुषाचा वाटा जवळपास निम्म्या जोडप्यांत असतो. ताकदीसाठी म्हणून कुणी ऑनलाइन टेस्टोस्टेरॉन मागवून घेत असेल तर परिणाम नेमका उलटा होतो. बाहेरून संप्रेरक मिळालं की मेंदू आतला पुरवठा थांबवतो आणि शुक्राणू कमी होतात, कधी पूर्ण बंदही होतात. बायको गोळ्या खाते आणि अडचण दुसरीकडेच असते.

एफएसएचच्या इंजेक्शनांची गोष्ट आणखी नाजूक. एफएसएच हे प्रथिन आहे, दोन साखळ्या एकमेकींना धरून असलेलं. त्या सुटल्या की औषध निकामी. ही इंजेक्शनं बहुधा २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. काहींना थोडे दिवस २५ अंशांपर्यंत चालतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. दुपारभर गोदामात नाहीतर डिलिव्हरीवाल्याच्या बॅगेत पडलेल्या कुपीचं काय होत असेल? दूध नासलं की कळतं, ही कुपी तशीच स्वच्छ दिसते. मग पुटिका वाढत नाहीत आणि 'माझी अंडीच कमजोर' असं ती बाई मनाला लावून घेते. ती मात्रा वाढवते, पुढची कुपी नेमकी चांगली निघते आणि अंडाशय बेसुमार फुगतात.

पुटिका फुटून अंडं बाहेर यावं म्हणून देतात ते एचसीजीचं इंजेक्शन त्यावर पडलं तर धोका खरा वाढतो. रक्तवाहिन्यांतून पाणी पोटात झिरपतं, रक्त घट्ट होतं, गुठळ्या होऊ शकतात. नुसत्या गोळ्यांनी हे क्वचित होतं, इंजेक्शनांनी जास्त. एचसीजीची दुसरी गोष्ट मला फार लागते. घरी करायची प्रेग्नन्सी टेस्ट हेच संप्रेरक शोधते. इंजेक्शननंतर काही दिवसांतच टेस्ट केली तर दोन रेघा उमटतात, त्या औषधाच्या असतात. कुणी सांगणारं नसेल तर ती घरी पेढे आणते.

यात बनावट औषधाचा धोका वेगळाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७च्या अंदाजानुसार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहातलं एक औषध निकृष्ट किंवा बनावट असतं. क्लोमिफेन आपल्याकडे शेड्यूल एचमध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परवान्याशिवाय ऑनलाइन औषधविक्रीला मनाई केली. जी साइट चिठ्ठी मागत नाही, पत्ता देत नाही, बिलावर बॅच नंबर टाकत नाही, तिच्याकडून काही घेऊ नये. ओळखीच्या दुकानात जायला जीव धजत नसेल तर लांबच्या भागातल्या दुकानात जावं, इंजेक्शन असेल तर ते फ्रिजमधून काढून बर्फाच्या पिशवीत द्यायला सांगावं.

आणि गोळ्या आधीच घेऊन झाल्या असतील तर? डोळ्यांपुढे चमकल्यासारखं झालं, अंधुक दिसू लागलं, तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि गाडी चालवायची नाही. पोट फुगून दुखू लागलं, लघवी कमी झाली, धाप लागली तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री हॉस्पिटलात जायचं. रिकामी पट्टी बरोबर न्यायची, लपवायची नाही. डॉक्टरांना आधी एवढंच हवं असतं: कोणतं औषध, किती आणि पाळीच्या कितव्या दिवसापासून.