'पाणी' म्हणता येतं, पण पाणी मागता येत नाही

चार-पाच वर्षांचं मूल, शुभं करोति पाठ, पाढे पाठ, टीव्हीवरच्या जाहिराती चालीसकट पाठ, पाण्याच्या ग्लासाचं चित्र दाखवलं की लगेच "पाणी" म्हणणार, आणि खरोखर तहान लागली की मात्र रडणार, आदळआपट करणार, नाहीतर आईचा हात धरून ओट्यापाशी नेणार, पण "पाणी दे" काही म्हणणार नाही. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांच्या घरी हे चित्र असतं. आणि मग घरातली मोठी माणसं म्हणतात की येतंय सगळं त्याला, मुद्दाम करतो, हट्टी आहे नुसता.

बिहेवियर ॲनालिसिसवाले, म्हणजे वागणं कशामुळे होतं आणि त्यानंतर काय घडतं याचा अभ्यास करणारे, इथे वेगळंच म्हणतात. त्यांच्या मते मुलाला 'पाणी' हा शब्द येतो का, हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या कामासाठी येतो, ते विचारायला हवं. चित्र बघून नाव सांगणं हे एक वागणं आणि तहान लागल्यावर मागणं हे दुसरं, तोंडातून निघणारा आवाज तोच असला तरी.

हे सगळं सुरू झालं बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञापासून. स्किनर म्हटलं की लोकांना खटका दाबणारा उंदीर आठवतो. खटका दाबला, खाऊचा दाणा पडला, उंदीर परत परत खटका दाबायला लागला, म्हणजे वागण्यानंतर जे घडतं त्यावर ते वागणं पुढे वाढणार का कमी होणार ते ठरतं. वाढलं तर त्याला रीइन्फोर्समेंट म्हणायचं. आपण त्याचं भाषांतर पटकन 'बक्षीस' करून टाकतो आणि तिथेच घोळ होतो, कारण बक्षीस हे देणाऱ्याच्या मनात असतं, रीइन्फोर्समेंट मात्र फक्त परिणामावरून ठरते. तुम्ही पोराला ओरडलात आणि त्याचा तो प्रकार वाढला, तर तुमचं ओरडणं हीच रीइन्फोर्समेंट होती, तुम्हाला काहीही वाटत असो. तसंच 'निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट' म्हणजे शिक्षा नव्हे, हे तर कॉर्पोरेट ट्रेनिंगवाले सुद्धा सर्रास चुकीचं सांगतात. नकोशी गोष्ट थांबते म्हणून वागणं वाढतं, ती निगेटिव्ह. सीटबेल्ट लावला की गाडीची टिकटिक बंद होते, म्हणून आपण बेल्ट लावतो, एवढंच.

तर 1934 साली हार्वर्डमध्ये एका जेवणाच्या टेबलावर स्किनर हे सगळं उत्साहात ऐकवत होता आणि शेजारी बसले होते तत्त्वज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड. ते म्हणाले, बाकी ठीक आहे, पण माणसाचं बोलणं यात बसत नाही, मी आत्ता इथे बसून म्हणतो की 'या टेबलावर कुठलाही काळा विंचू पडत नाहीये', याचं स्पष्टीकरण देऊन दाखव. स्किनरने दुसऱ्या दिवशी सकाळी आराखडा लिहायला घेतला आणि पुस्तक आलं 1957 मध्ये, 'व्हर्बल बिहेवियर', म्हणजे 23 वर्षांनी! चिकाटी बघा.

त्या पुस्तकात त्याने बोलण्याचे प्रकार पाडले, पण नाम-क्रियापद असे नाही, कशामुळे बोललं गेलं आणि बोलल्यावर काय मिळालं यावरून. मागणी असेल तर मँड (कमांड, डिमांडमधला). मँड हा काहीतरी हवं असतं तेव्हा येतो आणि नेमकी तीच गोष्ट मिळाल्याने टिकतो. समोरची गोष्ट बघून, ऐकून, वास घेऊन तिच्याबद्दल सांगणं म्हणजे टॅक्ट, "ती बघ चिमणी". याला मोबदला काय, तर समोरचा "हो रे" म्हणतो, चिमणी काही कोणी हातात देत नाही. ऐकलेलं तसंच्या तसं म्हणणं ते एकोइक. आणि दुसऱ्याच्या किंवा स्वतःच्या शब्दांवरून पुढचे शब्द निघणं म्हणजे इंट्राव्हर्बल. 'बे दुणे' म्हटलं की 'चार' येतं त्याला समोर चार वस्तू लागत नाहीत. आपली पाठांतराची सगळी परंपरा या खात्यात जाते. म्हणून वरच्या मुलाला शुभं करोति येणं आणि पाणी मागता न येणं यात विसंगती काहीच नाही, त्याचं एक खातं भरलेलं आहे आणि दुसरं रिकामं.

हे नुसतं कागदावरचं वर्गीकरण असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. 1985 मध्ये लॅमार आणि हॉलंड या दोघांनी नर्सरीच्या वयातल्या मुलांबरोबर प्रयोग केला. काहींना 'डावीकडे', 'उजवीकडे' हे शब्द मागणी म्हणून शिकवले, वस्तू कुठे ठेवायची ते मुलाने सांगायचं, आणि काहींना वर्णन म्हणून, वस्तू कुठे आहे ते सांगायचं. एक प्रकार पक्का झाला म्हणून दुसरा आपोआप आला नाही, वेगळा शिकवावा लागला. पुढच्या काही अभ्यासांमध्ये मात्र एकातून दुसरं आपसूक आलेलंही दिसलं, म्हणजे ही भिंत सगळ्यांसाठी सारखी जाड नाही, पण भिंत असू शकते हे नक्की.

1959 मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीने 'लँग्वेज' या नियतकालिकात या पुस्तकाची जी काही चिरफाड केली ती आजही भाषाशास्त्राच्या वर्गात वाचायला देतात. मूल कधीच न ऐकलेली वाक्यं बोलतं, व्याकरण असं दाणे टाकून येत नाही, आणि प्रयोगशाळेतले शब्द तिथून बाहेर काढून वाटेल तसे ताणले की त्यांना अर्थ उरत नाही, असा साधारण सूर. स्किनरने त्याला कधी रीतसर उत्तर दिलं नाही. मला विचाराल तर व्याकरणाच्या बाबतीत चॉम्स्कीचा मुद्दा जड आहे, पण मागता का येत नाही या प्रश्नाला त्याच्या बाजूने काही हाताला लागत नाही, आणि आईबापांना रोज सकाळी तोच प्रश्न असतो.

आता मोटिव्हेशन. हा शब्द आपण असा वापरतो की जणू ती माणसाच्या आतली टाकी आहे, कोणाची भरलेली, कोणाची रिकामी, "त्याला मोटिव्हेशनच नाही". मिशिगनमधल्या कॅलामाझू इथे शिकवणाऱ्या जॅक मायकल या मानसशास्त्रज्ञाने 1982 मध्ये एक लेख लिहिला आणि हा विषय आतून उचलून बाहेर, परिस्थितीत आणून ठेवला. त्यातलं उदाहरण इतकं साधं आहे की गंमत वाटते. एक इलेक्ट्रिशियन यंत्र उघडायला बसलाय, मदतनीस शेजारी हत्यारांची पिशवी घेऊन. झाकणाला खाचेचा स्क्रू दिसतो आणि हा हात पुढे करून म्हणतो, "स्क्रूड्रायव्हर". आता, स्क्रू दिसल्यामुळे स्क्रूड्रायव्हर मिळण्याची शक्यता वाढली का? नाही, तो पिशवीत आधीपासून होता, मागितला असता तर दहा मिनिटांपूर्वीही मिळाला असता. वाढली ती त्याची किंमत. स्क्रू दिसेपर्यंत तो नकोच होता.

मायकलचं म्हणणं एवढंच की 'मिळू शकतं' हा इशारा वेगळा आणि 'हवंसं होणं' वेगळं, आपण दोन्ही एकात मिसळतो. मदतनीस समोर असणं हा मिळण्याचा इशारा. स्क्रू हा हवंसं करणारा. या दुसऱ्या प्रकाराला आता मोटिव्हेटिंग ऑपरेशन म्हणतात, हे नाव 2003 पासूनचं. खारे दाणे खाल्ले की पाण्याची किंमत वाढते, आणि त्याबरोबर पूर्वी ज्या ज्या वागण्याने पाणी मिळालं ते सगळं वागणं पण वर येतं, ग्लास शोधणं, फ्रिज उघडणं, हाक मारणं. उलटंही होतं, पंगतीत आठवी जिलबी वाढायला आलेल्या माणसाला आपण पानावर आडवा हात धरून थांबवतो, जिलबी तीच असते.

हे कळलं की मागायला कसं शिकवायचं तेही बदलतं. मुलाला खुर्चीत बसवून चित्रांची कार्डं दाखवत "म्हण पाणी, म्हण पाणी" केलं तर तो नावं सांगायला शिकेल किंवा नुसतं मागे म्हणायला, मागायला नाही, कारण त्या क्षणी त्याला पाणी नकोच आहे. 1987 मध्ये हॉल आणि सुंडबर्ग यांनी ऐकू न येणाऱ्या किशोरवयीन मुलांबरोबर काम केलं. मुलांना इन्स्टंट सूप वगैरे बनवायच्या पायऱ्या शिकवल्या आणि मग मधली एक वस्तू, समजा गरम पाणी, गायब ठेवली. सूपची पावडर कपात पडली आहे, पुढे जायचंय, पाणी नाही. तिथे ती वस्तू खुणेने मागायला शिकवली. कोणालाही उपाशी ठेवावं लागलं नाही, काम मध्येच अडलं एवढं पुरलं.

उपाशी ठेवण्याचा उल्लेख मुद्दाम केला. प्रयोगशाळेत कबुतराचं वजन नेहमीच्या 80 टक्क्यांपर्यंत खाली आणून मग काम करायची पद्धत होती, आणि या शास्त्राचा मुलांवरचा इतिहासही काही स्वच्छ नाही. लोव्हास या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात ऑटिझमच्या मुलांवर विजेचे झटके वापरले, आणि त्याचाच 1987 चा जो अभ्यास सगळे अभिमानाने सांगतात, आठवड्याला 40 तासांच्या थेरपीनंतर 19 पैकी 9 मुलं नेहमीच्या शाळेत पहिलीत जाऊ शकली तो, त्यात मांडीवर चापटी मारणं पण होतं. शिवाय त्यात मुलं चिठ्ठ्या टाकून गटांत वाटलेली नव्हती, म्हणजे फरक थेरपीमुळेच पडला असं ठामपणे म्हणता येत नाही. आज ऑटिझम असलेली मोठी माणसं स्वतः सांगतात की आमचं हात हलवणं बंद करायला एवढे तास घालवले, ते कोणाच्या सोयीसाठी? हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि थेरपी शोधणाऱ्या पालकांनी सेंटरवर जाऊन तो खुशाल विचारावा.

पण याच शास्त्राने चांगलं काय दिलं असेल तर, आदळआपट पण बऱ्याचदा मागणीच असते हे दाखवून दिलं. 1982 मध्ये बाल्टिमोरला इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणारी 9 मुलं वेगवेगळ्या परिस्थितीत पाहिली, एकटं असताना, खेळताना, अवघड काम दिल्यावर, इजा केल्यावर कोणी लक्ष दिलं की. वागणं वरून सारखंच, पण एकाचं लक्ष मिळालं की वाढायचं, दुसऱ्याचं काम टळलं की, तिसऱ्याचं एकटं असतानाच. मग 1985 मध्ये कार आणि ड्युरंड यांनी मुलांना त्या जागी वाक्यं शिकवली. काम अवघड जातं म्हणून गोंधळ घालणाऱ्याला "मला कळत नाही" आणि लक्ष हवं असणाऱ्याला "मी नीट करतोय ना?" योग्य वाक्य योग्य मुलाला मिळालं की गोंधळ कमी झाला, अदलाबदल केली की नाही झाला.

एक प्रकार मात्र यातही निसटतो, शरीराच्या आतलं. चिमणी आईला पण दिसते म्हणून ती "चिमणी" शिकवू शकते, पण दात दुखतोय हे आईला दिसत नाही. स्किनरने 1945 मध्येच हा प्रश्न घेतला होता, की जे फक्त मुलालाच जाणवतं त्याचं नाव समाज त्याला शिकवतो कसं? तर बाहेरच्या खुणांवरून, गुडघा खरचटलेला दिसला, मूल रडलं, आपण म्हणतो "दुखतंय का रे?", आणि हळूहळू शब्द आतल्या जाणिवेला चिकटतो. बाहेर काही दिसत नसेल तिथे हे शिकवणं कच्चं राहतं, आणि ज्या मुलाची भाषाच अडलेली आहे त्याचं तर फारच. अशा मुलाने अचानक गालावर मारून घ्यायला, डोकं आपटायला सुरुवात केली तर चांगला थेरपिस्ट वागण्याचा चार्ट काढायच्या आधी दात, कान आणि पोट डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगतो.